शेजारी गॅसची विहीर येणार असेल तर घरच्या बोअरचं पाणी कसं राखायचं?

गुरुजी, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही सुटलं असेल तर तुम्ही सांगाल.

तुमची लेक आणि जावई अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात, गावाबाहेर स्वतःचं घर घेऊन राहतात. तिथे नळयोजना नाही. घरचं २४० फुटांचं बोअर आहे, तेच पिण्याला आणि वापरायला. गेल्या महिन्यात गॅस कंपनीचा माणूस लीजचे, म्हणजे जमिनीखालचा गॅस काढू देण्याच्या कराराचे, कागद घेऊन दारात आला. शेजाऱ्याने सही करून टाकली आहे, आणि त्याच्या रानात जिथे विहीर होणार ती जागा लेकीच्या घरापासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. नळाच्या पाण्याला काडी लावली की ज्वाळा उठते, असा व्हिडिओ पाहून लेक घाबरली आहे. जावई इंजिनियर आहेत. ते म्हणतात, गॅसचा खडक दीड मैल खाली आणि आपलं पाणी अडीचशे फुटांवर, संबंध येतोच कुठे? आणि तुम्ही जुळे सोलापुरात बसून दोघांचेही फोन घेताय. तुम्ही विचारलंय, "पाणी सुरक्षित राहील की नाही, एका शब्दात सांगा." खाली एक ओळ जोडली आहे की उद्या आपल्या जिल्ह्यात असं काही आलं तर काय.

मी २३ वर्षं तेल आणि गॅसच्या विहिरींवर सिमेंटिंगचं काम केलं. आधी उत्तर गुजरात, मग आसाम, शेवटी कृष्णा-गोदावरीचं खोरं. आता सोलापुरातच असतो आणि बोअरच्या पाण्याची तपासणी करून देतो. म्हणजे गॅसची विहीर बांधणारा आणि पाण्याची बाटली भरणारा, या दोन्ही बाजूंना उभं राहून झालंय. त्या अनुभवावरून सांगतो की एका शब्दातलं उत्तर इथे चालणार नाही. लेकीची भीती निम्मी खरी आहे, जावयांचा हिशेब निम्मा बरोबर आहे, आणि दोघांच्या बोलण्यातून निसटलेला भागच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आधी जावयांचं घेऊ. तिथला गॅसचा खडक म्हणजे मार्सेलस शेल, पाटीसारखा थराथराचा गाळाचा खडक. त्या भागात तो साधारण पाच ते आठ हजार फूट खाली असतो. त्यात गॅस आहे, पण खडक इतका घट्ट की गॅस स्वतःहून वाहत नाही. म्हणून आधी सरळ खाली आणि मग आडवी विहीर घेतात, प्रचंड दाबाने पाणी आणि वाळू आत ढकलतात, खडकाला बारीक भेगा पाडतात. वाळूचे कण त्या भेगा मिटू देत नाहीत. हेच फ्रॅकिंग. हे तंत्र काल-परवाचं नाही, अमेरिकेत १९४९ पासून व्यापारी वापरात आहे. नवीन आहे ते आडव्या विहिरी आणि कामाचा आकार. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं, आता लांब विहिरींना त्याहून जास्त.

भेगा किती वर चढतात, तर अमेरिकेतल्या हजारो कामांच्या भूकंपमापक नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात उंच गेलेली भेग ५८८ मीटरची निघाली, म्हणजे दोन हजार फुटांच्या आतली. बहुतेक भेगा त्याच्या निम्म्याही नसतात. दीड मैलावरून अडीचशे फुटांपर्यंत भेग येणं जवळपास अशक्य, हे जावयांचं म्हणणं मला पटतं. अपवाद आहे तो उथळ कामांचा. वायोमिंग राज्यात पॅव्हिलियन नावाच्या गावाजवळ अवघ्या ३२२ मीटर खोलीवर फ्रॅकिंग झालं होतं, आणि तिथल्या पाण्याच्या विहिरी २४४ मीटरपर्यंत होत्या. तिथे मधलं अंतरच नव्हतं. तेव्हा कुठे, किती खोल आणि मध्ये कोणता खडक, यावर बरंच अवलंबून आहे. तुमच्या लेकीच्या गावी खोली तिच्या बाजूने आहे.

पण गुरुजी, गॅसपर्यंत पोहोचायला विहीर त्या अडीचशे फुटांतूनच खाली जाते. भेग वर येत नसेल, विहीर मात्र पाण्याच्या थराला आरपार छेदून गेलेली असते. इथून पुढे माझं क्षेत्र सुरू होतं.

आपल्याकडच्या बोअरपासून समजून घ्या. गाडी येते, वरची माती आणि मुरूम संपून कठीण पाषाण लागेपर्यंत केसिंग पाइप टाकतात, कुठे २० फूट, कुठे ६०. पुढे उघडा खडक. पाइप आणि मुरूम यांच्यामधली फट तशीच राहते, फार तर वरून चार घमेली माती सोडतात. गॅसच्या विहिरीत हे चालत नाही. तिथे एकात एक असे तीन-चार पोलादी पाइप असतात. पहिला रुंद पाइप गोड्या पाण्याचे थर ओलांडून खाली जातो. पेनसिल्व्हेनियात नियम आहे की तो सगळ्यात खोल गोड्या पाण्याच्या सुमारे ५० फूट खाली किंवा पक्क्या खडकात किमान ५० फूट गेला पाहिजे, यांतलं जे जास्त खोल असेल ते. मग त्याच्या आतून दुसरा, त्याच्या आतून तिसरा. आणि पाइप व खडक यांच्यामधल्या प्रत्येक फटीत सिमेंट भरायचं. पाइपच्या आतून सिमेंटचं पातळ कालवण खाली ढकलायचं, ते तळाला वळसा घालून बाहेरच्या फटीतून वर चढतं, आणि जमिनीवर दिसलं की समजायचं फट भरली. त्याला आम्ही रिटर्न म्हणायचो.

सगळं पाणी त्या इंच-दोन इंचांच्या सिमेंटच्या भरवशावर असतं. ते नीट बसलं तर मधला रस्ता बंद. बसलं नाही तर ती फट धुराड्यासारखी होते, आणि वाटेतल्या कुठल्याही उथळ थरातला गॅस तिच्यातून वर सरकून पाण्याच्या थरात शिरू शकतो. त्याला फ्रॅकिंगच लागतं असं नाही. फ्रॅकिंगची तारीख ठरण्याआधीही ते होऊ शकतं.

सिमेंट का चुकतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण जावयांना यात रस असेल. भिंत धुळीने माखलेली असताना गिलावा केला तर तो सुटतो, म्हणून गवंडी आधी भिंत धुऊन घेतो. विहिरीच्या भिंतीवर खोदाईचा चिखल चिकटलेला असतो. तो नीट धुतला नाही तर सिमेंट खडकाला धरत नाही. दुसरं म्हणजे पाइप भोकाच्या मध्यावर उभा हवा, त्यासाठी सेंट्रलायझर नावाचे पट्ट्यांचे पिंजरे लावतात. पैसे वाचवायला ते कमी लावले की पाइप एका अंगाला टेकतो. मग सिमेंट रुंद बाजूने वर जातं आणि अरुंद बाजूला चिखल तसाच उभा राहतो. तिसरी गोष्ट नाजूक आहे. सिमेंट पातळ असतं तोवर त्याच्या वजनाचा दाब गॅसला रोखून धरतो. ते घट्ट व्हायला लागलं की स्वतःच्याच अंगावर तोलतं, खालचा दाब कमी होतो, पण पूर्ण कडक झालेलं नसतं. त्या मधल्या काही तासांत गॅसने डोकं वर काढलं तर सिमेंटमध्ये सुईसारखी वाट पडते आणि ती तशीच गोठते. हे टाळायला खास मिश्रणं असतात, आणि ते कडक होईस्तोवर थांबावं लागतं. थांबणं म्हणजे खोदाईची भाड्याची रिग रिकामी उभी, आणि सगळी घाई तिथेच होते.

माझ्या डोळ्यांदेखत झालेलं सांगतो. उत्तर गुजरातेत एका विहिरीच्या पहिल्याच पाइपचं सिमेंटिंग रात्री चालू होतं. मध्येच रिटर्न बंद झालं, एका वाळूच्या थराने सिमेंट गिळलं होतं. साइटवरच्या वरिष्ठांनी सांगितलं, थोडं आलं होतं ना, मग आलं असं लिही. माझी तेव्हा तिशीही झाली नव्हती. खोटं लिहिलं नाही, पण काम थांबवण्याचा हट्टही धरला नाही. रकाना कोरा सोडला आणि पुढचं काम सुरू झालं. दोन महिन्यांनी पावसात विहिरीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात पाणी साठलं, आणि त्या पाण्यात बुडबुडे यायला लागले. मग धावपळ झाली. वरून फटीत बारीक पाइप सोडून सिमेंट भरलं, खाली पाइपला छिद्रं पाडून सिमेंट दाबलं, आणि बुडबुडे थांबले. पण तीनशे मीटरवर एका शेतकऱ्याचा ट्यूबवेल होता. तो दोन-तीनदा येऊन विचारून गेला की साहेब, माझ्या पाण्यात काही गेलं का. सांगता येईना. त्याचं पाणी आधी कसं होतं हे कुणी तपासलेलंच नव्हतं. त्या माणसाचा चेहरा मला आजही आठवतो, आणि तुमच्या प्रश्नाला मी एवढं मोठं उत्तर लिहितोय ते त्याच्यामुळे.

आता पेनसिल्व्हेनियात काय झालं ते. सस्क्वेहाना परगण्यात डिमॉक नावाचं छोटं गाव आहे. १ जानेवारी २००९ रोजी तिथे एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेला गॅस पेटला आणि वरची काँक्रीटची फरशी उडाली. पुढे राज्याच्या पर्यावरण खात्याने १८ घरांच्या पाण्यात गॅस शिरल्याचा ठपका खोदाई करणाऱ्या कंपनीवर ठेवला. प्रकरण कित्येक वर्षं चाललं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने न्यायालयात आरोप लढवले नाहीत आणि गावात नळपाणी आणण्यासाठी सुमारे १.६ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. विचार करा, तब्बल १४ वर्षं.

त्याच भागात ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी विहिरी तपासल्या. २०११ च्या त्यांच्या निष्कर्षात, गॅसच्या विहिरीपासून १ किलोमीटरच्या आतल्या पाण्यात मिथेन, म्हणजे या गॅसमधला मुख्य वायू, लांबच्या विहिरींच्या सरासरी १७ पट होता. पण फ्रॅकिंगच्या पाण्याचा अंश त्यांना सापडला नव्हता. २०१३ मध्ये त्यांनी १४१ विहिरी घेतल्या. तेव्हा फरक ६ पटींचा निघाला, मात्र इथेन हा खोलवरच्या गॅससोबत येणारा वायू २३ पट होता. आणि २०१४ मध्ये दुर्मिळ वायूंच्या खुणा वापरून त्यांनी गॅसची वाट शोधली. तपासलेल्या ठिकाणी दोष निघाला तो पाइप आणि सिमेंटचा, खोलवरच्या भेगांचा नाही. सिमेंटिंगवाल्या माणसाला याचं आश्चर्य वाटलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच परगण्यातल्या १,७०१ विहिरींच्या खोदाईपूर्व नमुन्यांवर उद्योगाशी जोडलेल्या अभ्यासकांनी काम केलं. त्यांना मिथेन जवळपास सगळीकडे दिसला, आणि तो दरीतल्या, सखल जागेच्या विहिरींत जास्त होता. ड्यूकच्या १४१ मध्येही ८२ टक्के नमुन्यांत मिथेन होताच. म्हणजे त्या मुलुखात काही घरांच्या पाण्यात गॅस आजोबांच्या काळापासून आहे. लेकीचं घर दरीत आहे की उंचावर, हे तिला विचारा.

म्हणून ज्वाळेच्या व्हिडिओवरून काहीच ठरत नाही. मिथेन दोन वाटांनी बनतो. एक, कुजण्यातून, जसा आपल्याकडे गोबरगॅसच्या टाकीत. दलदल, कोळशाचे थर, जुना गाळ, सगळीकडे जिवाणू तो बनवतात. दुसरा खोलवर, कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेने आणि दाबाने बनतो, आणि त्याच्याबरोबर इथेन, प्रोपेन हे भाऊबंद असतात. गोबरगॅसमध्ये ते नसल्यात जमा. कोलोरॅडोतल्या ज्या नळाच्या ज्वाळेचा फार गाजावाजा झाला, तो गॅस कुजण्यातला आहे असं तिथल्या राज्याच्या तेल-गॅस आयोगाने तपासून सांगितलं. डिमॉकची गोष्ट वेगळी निघाली. दोन्हीकडे काडी लावली तर ज्वाळा तशीच दिसेल. फरक प्रयोगशाळेत कळतो, आणि तोही आधीचा आकडा हातात असेल तरच नीट पटवून देता येतो.

मिथेन पिण्यात गेल्याने विषबाधा होते असं दिसलेलं नाही. धोका आहे तो बंद जागेत साठण्याचा. हवेत ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीची वाट बघतो. आणि त्याला वासही नाही. घरच्या सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो.

गॅसपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती जमिनीवरच्या पाण्याची, आणि त्याबद्दल कुणी व्हिडिओ करत नाही. आत ढकललेल्यातलं काही पाणी परत वर येतं, आणि सोबत खालचं खारं पाणी आणतं. मार्सेलसचं ते पाणी समुद्राच्या पाण्याच्या कित्येक पट खारट असतं. त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड आणि किरणोत्सारी रेडियमही असतं. ते टँकरमधून जातं, टाक्यांत साठवतात, कुठे खड्ड्यांत. नळी सुटते, अस्तर फाटतं, टँकर उलटतो. अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०१६ च्या अहवालात म्हटलं की फ्रॅकिंगशी संबंधित कामांचा पिण्याच्या पाण्यावर काही परिस्थितींत परिणाम होतो. त्यांनी मोजलेल्या परिस्थितींत सांडलवंड आहे, कमजोर विहिरींत पाणी दाबणं आहे, बिनअस्तराचे खड्डे आहेत, नीट शुद्ध न करता सोडलेलं सांडपाणी आहे आणि टंचाईच्या दिवसांत उपसा आहे. २०१५ च्या मसुद्यात मात्र सर्वदूर परिणामाचा पुरावा नाही असं वाक्य होतं. त्यांच्याच वैज्ञानिक सल्लागार मंडळाने त्यावर बोट ठेवलं आणि अंतिम अहवालातून ते गेलं. दोन्ही बाजूचे लोक आपापल्या सोयीचं साल सांगतात, म्हणून हे लिहिलं.

इथवरचं थोडक्यात असं: खोलवरच्या भेगांची भीती लेकीने कमी करावी. पहिल्या काही शे फुटांतलं सिमेंट आणि जमिनीवरचं सांडणं, इकडे लक्ष द्यावं. आणि या दोन्हींबाबत नंतर काही बोलायचं असेल तर आजच्या पाण्याचा कागद हवा.

म्हणून पहिलं काम हेच की रिग येण्याआधी पाण्याची तपासणी. लीजवर सही करो वा न करो. गॅस शेजाऱ्याच्या कुंपणाशी थांबत नाही.

यात एक कायद्याची बाजू आहे जी लेकीला माहीत असलीच पाहिजे. पेनसिल्व्हेनियात खासगी बोअरवर सरकारची देखरेख नाही. दहा लाखांहून जास्त अशा विहिरी आहेत आणि त्यांचं पाणी तपासण्याची जबाबदारी मालकाची. फ्रॅकिंग स्वतः केंद्राच्या पेयजल कायद्यातून २००५ मध्ये बऱ्याच अंशी वगळलं गेलं. पण राज्याच्या २०१२ च्या कायद्यात एक चांगली तरतूद आहे. अशा गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आतलं पाणी, खोदाई किंवा फ्रॅकिंग संपल्यापासून १२ महिन्यांत बिघडलं, तर दोष कंपनीचाच असं गृहीत धरलं जातं. नाही म्हणून सिद्ध करणं तिच्या माथी. लेकीचं घर १,५०० फुटांवर, म्हणजे ती या कक्षेत आहे. कंपनी सुटू शकते ती कशाने? पाणी आधीच बिघडलेलं होतं हे तिने दाखवलं तर. आणि घरमालकाने तिच्या माणसांना खोदाईआधी नमुना घेऊ दिला नाही, तरीही. रागाच्या भरात कुणीही त्यांना फाटकातून परत पाठवू नये. नमुना घेऊ द्यावा, रिपोर्टची प्रत लेखी मागावी, आणि शिवाय स्वतःच्या खर्चाने राज्याची मान्यता असलेल्या वेगळ्या प्रयोगशाळेकडून दुसरा नमुना घ्यावा.

स्वतः बाटली भरून कुरियर करू नये. प्रयोगशाळेचा माणूस येऊन घेतो. बाटली कुणाच्या हातून कुणाकडे, किती वाजता गेली याचा सह्यांचा कागद होतो, आपल्या पंचनाम्यासारखा. तो नसेल तर न्यायालयात आकड्याला किंमत नाही. नमुना विहिरीच्या सगळ्यात जवळच्या नळाचा, फिल्टर आणि सॉफ्टनरच्या आधीचा हवा. पाणी बराच वेळ वाहू द्यायचं, तापमान आणि क्षारांचं मापन स्थिर झालं की मगच भरायचं. मिथेनच्या बाटलीत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर गॅस त्यात निसटतो आणि आकडा कमी येतो. मी सोलापुरात नवीन मुलांना शिकवताना बाटली उलटी धरून उजेडात बघायला लावतो.

काय तपासायचं? मिथेन, इथेन, प्रोपेन. क्लोराइड, ब्रोमाइड, सोडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, एकूण क्षार. लोह, मँगनीज, आर्सेनिक, पीएच, गढूळपणा. बेंझिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं. ब्रोमाइड कुणी सुचवत नाही, ते मुद्दाम घ्या. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. नुसतं क्लोराइड वाढलं तर कंपनी म्हणेल रस्त्याचं मीठ आहे, आणि ते खरंही असू शकेल. रस्त्याच्या मिठात ब्रोमाइड अगदी कमी असतं, खोलवरच्या खाऱ्या पाण्यात जास्त. दोघांचं प्रमाण बघून वाद मिटतो. जमलं तर दोन नमुने, एक उन्हाळ्याच्या शेवटी पातळी खाली असताना, एक बर्फ वितळल्यावर. एकाच नमुन्यावर निसर्गाचा चढउतार कळत नाही.

मिथेनच्या आकड्याचा अर्थ असा लावायचा. जमिनीवरच्या दाबाला पाण्यात सुमारे २८ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढाच मिथेन विरघळून राहतो, त्यापुढचा बाहेर पडतो. तिथल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १० च्या आत असेल तर घाबरायचं कारण नाही, अधूनमधून बघत राहायचं. १० ते २८ मध्ये सावध, विहिरीचं तोंड हवेशीर करायचं. २८ च्या वर तातडीने उपाय. तळघरात मिथेनचा अलार्म आजच बसवला तरी चालेल, खर्च किरकोळ आहे.

लीजबद्दल मी वकील नाही, पण दोन गोष्टी पाहिल्या आहेत त्या सांगतो. आपल्याकडे जमिनीखालचं तेल आणि गॅस सरकारचं. तिथे ते जमिनीच्या मालकाचं असू शकतं, आणि ते जमिनीपासून वेगळं विकताही येतं. घर विकणाऱ्याने गॅसचा हक्क स्वतःकडे ठेवलाय का, हे खरेदीखतात आधी बघायला सांगा, नाहीतर सही करण्याचा प्रश्नच नाही. हक्क त्यांचाच असेल, तर राज्यात किमान एक-अष्टमांश रॉयल्टी कायद्याने ठरलेली आहे. पैशांची बोलणी वकील करेल. पाण्याची कलमं लेकीने स्वतः घालून घ्यावीत: खोदाईआधी आणि नंतर ठराविक काळाने स्वतंत्र तपासणी, पाणी बिघडल्यास दुसऱ्या पाण्याची सोय कुणी आणि किती दिवसांत करायची, आणि बोअरपासून अंतर. कायद्याने नव्या गॅसविहिरीला बोअरपासून ५०० फूट सांगितले आहेत. करारात जास्त मागता येतात. आणि जावयांना म्हणावं, पहिल्या पाइपच्या सिमेंटिंगची नोंद आणि बाँड लॉग मागा. बाँड लॉग म्हणजे पाइपमधून ध्वनिलहरी सोडून सिमेंटने खडक धरलाय का हे बघतात, सुतार टिचकी मारून लाकूड पोकळ आहे का ऐकतो तसं. रिटर्न वर दिसलं का, हा रकाना त्यांनी आधी वाचावा.

काम सुरू झाल्यावर पाण्यात फेस किंवा बुडबुडे, नळ उघडताच हवा फुटल्याचा आवाज, अचानक गढूळ किंवा तांबूस पाणी, खारट चव, यांतलं काही दिसलं तर तारीख-वार वहीत लिहायचं, फोटो काढायचे आणि त्याच दिवशी राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवायचं. तोवर पिण्याला बाहेरचं पाणी. उकळून क्षार जात नाहीत, उलट दाट होतात. आरओ क्षार काढेल, पण विरघळलेला मिथेन त्याला अडत नाही. त्याला हवा खेळवून, उघड्यावर सोडूनच घालवावं लागतं.

राहिली तुमची शेवटची ओळ. आपल्या जिल्ह्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, लाव्हाचा. मांजऱ्या, गेरूचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण, हे तुम्ही बोअरच्या चुऱ्यात पाहिलं असेल. गॅसला गाळाचे जाड थर लागतात. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. ३३८ मीटरवर बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, संपला, त्याखाली जेमतेम काही मीटर गाळ आणि मग थेट नीस, म्हणजे अतिप्राचीन कठीण खडक. गॅस धरून ठेवायला तिथे काही नाही. देशाच्या २६ गाळाच्या खोऱ्यांच्या यादीत दख्खनचंही नाव आहे खरं, पण आपल्याकडची परिस्थिती किल्लारीसारखीच असण्याची शक्यता मोठी. देशात जिथे गॅस आहे तिथले लोक हे सोसतात. १९९५ मध्ये आंध्रातली पासरलापुडीची विहीर दोन महिन्यांहून जास्त जळत होती. २०२० मध्ये आसामात बागजानची विहीर मे महिन्यात फुटली आणि नोव्हेंबरात बंद झाली. बाजूच्या मागुरी बिल या तळ्यातल्या पाण्यावर जगणाऱ्या कोळ्यांचं काय झालं असेल ते मी आसामात राहिलेला माणूस म्हणून समजू शकतो.

पण फट आपल्याकडेही आहे. जुळे सोलापुरातल्या बोअरचा केसिंग पाइप आणि मुरूम यांच्यामध्ये काय भरलंय? नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून आपण बोअरवर उरलेले दिवस काढतो, आणि बोअरपासून पंधरा फुटांवर शोषखड्डा असतो. पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी त्याच उघड्या फटीतून पाइपला चिकटून खाली जातं. मी तपासलेल्या नमुन्यांत नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की मी आधी हीच फट बघतो. भारतीय मानकात ४५ च्या पुढे सूटच नाही, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते फार घातक. उपाय साधा आहे. पाइपभोवती तीन-चार फूट खणा, बेंटोनाइट माती किंवा सिमेंटचं घट्ट कालवण भरा, वर बाहेरच्या बाजूला उताराचा काँक्रीटचा ओटा घाला, पाइपचं तोंड जमिनीपासून दीड फूट वर ठेवा आणि झाकण लावा. नवीन बोअर घेत असाल तर पाइप कठीण पाषाणात नीट बसेपर्यंत गाडीवाल्याला पुढे जाऊ देऊ नका. दहा फूट पाइप वाचवायच्या नादात पुढची वीस वर्षं घाण पाणी येतं.

लेकीला हे उत्तर तसंच पाठवा. तिचा पहिला रिपोर्ट आला की इथे टाका, आपण मिथेन, इथेन, ब्रोमाइड आणि बेरियमचे आकडे आधी बघू. आणि एक लिटरच्या स्वच्छ बाटलीत तुमच्या घरच्या बोअरचं पाणीही भरून ठेवा.